‘लाइव्ह ॲट लीड्स’च्या वाढीव आवृत्त्या: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘द हू’ या इंग्लिश बँडच्या ‘लाइव्ह ॲट लीड्स’ या अल्बमचा विषय निघाला, की दोन मिनिटांत गाडी गाण्यांवरून आवृत्त्यांवर येते. तुझ्याकडे सहा गाण्यांचा आहे की चौदा? एक सीडी की दोन? हल शहरातला कार्यक्रमही असलेला मोठा डबा घेतलास का? नुकताच रॉक ऐकायला लागलेला माणूस यात पार बावचळतो. मला पुन्हा पुन्हा विचारले गेलेले प्रश्न इथे उत्तरांसह देतो आहे. मतं माझी आहेत आणि ती लपवायचा प्रयत्न केलेला नाही.

मुळात हा अल्बम कशाचा?

१४ फेब्रुवारी १९७०, शनिवारची संध्याकाळ. इंग्लंडच्या उत्तरेकडचं लीड्स विद्यापीठ, आणि तिथली रिफेक्टरी. म्हणजे सरळ मराठीत मुलांची मेस. टेबलं हलवून तिथे दोनेक हजार पोरं दाटीवाटीनं उभी होती. गायला रॉजर डाल्ट्री, गिटारवर पीट टाउनशेंड, बास गिटारवर जॉन एन्टविसल आणि ड्रम्सवर कीथ मून. दोन तासांहून जास्त चाललेल्या त्या कार्यक्रमातली सहा गाणी निवडून मे १९७० मध्ये एलपी, म्हणजे मोठी तबकडी निघाली. ब्रिटनमध्ये ती तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेली, अमेरिकेत चौथ्या.

एवढा मोठा बँड आणि मेसमध्ये का वाजवत होता?

त्या काळी ब्रिटनमधल्या बँडांचा बराचसा धंदा विद्यापीठांच्या जिवावर चाले. विद्यार्थी संघटनांकडे पैसे असत, सभागृह असे आणि श्रोते घरचेच. पण खरी गोष्ट त्याआधीची आहे.

१९६९ मध्ये ‘टॉमी’ हा त्यांचा एकच गोष्ट सांगणारा दुहेरी अल्बम, म्हणजे ‘रॉक ऑपेरा’ आला आणि बँडनं अमेरिका पिंजून काढली. त्या दौऱ्यातले कार्यक्रम ध्वनिव्यवस्था सांभाळणाऱ्या बॉब प्रिडननं टेपवर घेतले होते, लाइव्ह अल्बम काढायचा म्हणून. घरी परतल्यावर टाउनशेंडसमोर टेपांचा ढीग पडला. हे सगळं कोण ऐकत बसणार? त्यानं प्रिडनला सांगितलं, जाळून टाक, म्हणजे चोरून कुणी रेकॉर्ड काढायलाही नको. आणि टेपा जाळल्या गेल्या! पुढे त्यानं हा मूर्खपणा होता असं स्वतःच कबूल केलं.

मग नव्यानं बेत ठरला. ‘पाय’ (Pye) या कंपनीची फिरती आठ-ट्रॅक, म्हणजे आठ वेगळ्या पट्ट्यांवर ध्वनिमुद्रण करणारी यंत्रणा भाड्यानं घ्यायची आणि लागोपाठचे दोनच कार्यक्रम टिपायचे: शनिवारी लीड्स, रविवारी हल शहराचा सिटी हॉल. ढिगाऐवजी दोन टेपा. त्यातली बरी ती ठेवायची.

मग हलचं काय झालं?

हलच्या टेपवर सुरुवातीच्या काही गाण्यांत बासच उमटलेला नव्हता. एन्टविसलचा बास नसलेला ‘द हू’ म्हणजे ढोलकीविना लावणी. त्यामुळे निवड आपोआपच झाली आणि अल्बमच्या नावात लीड्स आलं. हलची टेप चाळीस वर्षं कपाटात पडून राहिली. तिचा पुढचा प्रवास खाली येईलच.

पहिल्या एलपीत सहाच गाणी का?

एलपीच्या एका बाजूला जेमतेम वीस-बावीस मिनिटं नीट मावतात. त्यातून ‘माय जनरेशन’ एकटंच चौदा मिनिटं खातं. दुहेरी एलपी काढता आली असती, पण ‘टॉमी’चा दुहेरी संच वर्षापूर्वीच बाजारात आला होता. तीच गाणी लोकांना पुन्हा कशाला विकायची?

गंमत अशी की त्या सहातली तीन गाणी त्यांची स्वतःची नाहीतच. ‘यंग मॅन ब्लूज’ मोझ ॲलिसनचं, ‘समरटाइम ब्लूज’ एडी कॉक्रनचं आणि ‘शेकिन ऑल ओव्हर’ जॉनी किडचं. ज्यांना नुकतंच ‘ऑपेरा लिहिणारा बँड’ म्हणून डोक्यावर घेतलं होतं, त्यांनी लगेच दुसऱ्यांची जुनी गाणी तारस्वरात वाजवून दाखवली. मला तरी हा मुद्दाम केलेला व्रात्यपणा वाटतो.

कव्हर इतकं दळभद्री का आहे?

तेही मुद्दामच. तपकिरी पुठ्ठ्याचं पाकीट आणि त्यावर रबरी शिक्का मारल्यासारखं नाव. त्या सुमाराला चोरून ध्वनिमुद्रित केलेल्या कार्यक्रमांच्या रेकॉर्ड अशाच पाकिटांतून हातोहात खपत होत्या. ‘द हू’नं अधिकृत अल्बमलाच चोरीच्या मालाचा वेष चढवला.

पाकीट उघडलं की आत कागदपत्रांच्या हुबेहूब नकला. मार्की क्लबमधल्या कार्यक्रमाचं पोस्टर, वुडस्टॉकचा करारनामा, ईएमआयनं पूर्वी धाडलेलं नकाराचं पत्र, धुराचे बॉम्ब घेतल्याची पावती. एखाद्या घरातली जुनी ट्रंक उपसावी तसं. जुन्या प्रतींत हे कागद सगळेच्या सगळे क्वचित मिळतात. जुनी एलपी विकत घेत असाल तर आधी कागद मोजा, मग भाव करा.

माझ्या जुन्या प्रतीत खरखर येते. तबकडी खराब आहे का?

नाही. ती मूळ टेपवरच आहे. ध्वनिमुद्रणात कर्र-कर्र असे आवाज शिरले होते, आणि तेव्हाच्या साधनांनी ते काढणं शक्य नव्हतं. म्हणून एलपीच्या लेबलवर हातानं लिहिल्यासारखी सूचनाच छापली: खरखर ठीक आहे, दुरुस्त करू नका.

मला हे माहीत नव्हतं. कॉलेजात असताना हा अल्बम मित्रानं भरून दिलेल्या कॅसेटवर पहिल्यांदा ऐकला. खरखर आली की डेक उघडायचा, कापसाच्या बोळ्याला स्पिरिट लावून हेड पुसायचं, पुन्हा लावायचं. पुन्हा तिथेच कर्र! दोन आठवडे मी त्या बिचाऱ्या डेकला बोल लावत होतो. १९९५ च्या आवृत्तीत संगणकाच्या मदतीनं हे आवाज साफ केले गेले. ऐकताना फार बरं वाटलं, आणि थोडं चुकल्यासारखंही.

१९९५, २००१, २०१०: नेमका फरक काय?

१९९५ ची आवृत्ती एका सीडीची. सहाची चौदा गाणी झाली, सीडी जवळपास काठोकाठ भरली. ध्वनिअभियंता जॉन ॲस्टली आणि त्याच्या साथीदारांनी मूळ आठ-ट्रॅक टेपांवरून सगळं नव्यानं मिसळलं. त्या रात्रीचं पहिलं गाणं एन्टविसलचं ‘हेवन अँड हेल’ होतं, हे इथे पहिल्यांदा सर्वांना ऐकायला मिळालं. ‘आय कान्ट एक्स्प्लेन’, ‘टॅटू’, ‘हॅपी जॅक’ आली. आणि आलं ‘अ क्विक वन, व्हाइल ही’ज अवे’. १९६६ च्या अल्बममधली ही नऊ-एक मिनिटांची सहा तुकड्यांची संगीतकथा म्हणजे ‘टॉमी’ची रंगीत तालीमच. तिच्या शेवटाकडे हे लोक ‘चेलो, चेलो, चेलो’ असं गातात ते का, हा प्रश्नही मला बरेचदा येतो. स्टुडिओत तिथे खरे चेलो हवे होते, पण वादकांना द्यायला पैसे नव्हते. मग वाद्याच्या जागी वाद्याचं नावच गाऊन टाकलं. तीनेक वर्षांनी लीड्समध्ये पैसे होते, तरी ‘चेलो’ तसंच राहिलं.

२००१ ची डिलक्स आवृत्ती दोन सीडींची. दुसऱ्या सीडीवर त्या रात्री वाजवलेला ‘टॉमी’ आहे. मूळ अल्बममधली ‘कझिन केविन’, ‘अंडर्चर’, ‘सेन्सेशन’, ‘वेलकम’ ही ते मंचावर गाळत. बाकी सगळं सलग.

२०१० मध्ये चाळीस वर्षं झाली म्हणून मोठा डबा आला. लीड्सच्या दोन सीडी, हलच्या दोन सीडी, सहा गाण्यांची मूळ एलपी, ‘समरटाइम ब्लूज’ची छोटी तबकडी आणि जाडजूड पुस्तक. हलच्या सुरुवातीच्या गाण्यांत बास नव्हता, त्याचं काय केलं? आदल्या रात्रीचा लीड्सचा बास उचलून तिथे बसवला. मून कधीच एका लयीत स्वस्थ बसणारा नव्हे, तरी दोन वेगळ्या रात्रींचे हे सांधे जुळले. इतकी वर्षं रोज एकत्र वाजवल्यावर हातांना सवयी लागतात, त्याचा हा पुरावाच. पुढे हलची रात्र स्वतंत्रपणेही विक्रीला आली. नंतर डाउनलोड म्हणून आणि २०१६ मध्ये तीन एलपींच्या संचातही लीड्सचा कार्यक्रम निघाला.

रीमिक्स आणि रीमास्टर एकच ना?

नाही. आपल्याकडे रीमिक्स म्हटलं की जुन्या गाण्याला ढिंच्याक ठेका जोडणं आठवतं. तो अर्थ इथे विसरा.

लीड्सच्या टेपवर आठ समांतर पट्टे आहेत. गाणं एकावर, बास एकावर, गिटार एकावर, ड्रम्स, श्रोते, असे वाटून. या पट्ट्यांतला कुठला किती मोठा, डावीकडे की उजवीकडे, हे ठरवून त्यांचे दोन पट्टे करणं म्हणजे मिक्स. १९७० मध्ये हे काम टाउनशेंडनं ट्विकनमच्या आपल्या घरच्या स्टुडिओत केलं. रीमिक्स म्हणजे पुन्हा त्या आठ पट्ट्यांपर्यंत मागे जायचं आणि सगळे निर्णय नव्यानं घ्यायचे. रीमास्टरमध्ये तयार झालेल्या दोन पट्ट्यांवरच शेवटचा हात फिरवतात: जाडी, धार, एकूण आवाजाची पातळी.

म्हणून १९९५ नंतरची ‘समरटाइम ब्लूज’ आणि १९७० ची ‘समरटाइम ब्लूज’ हे एकाच क्षणाचे दोन वेगळे फोटो आहेत. ‘माय जनरेशन’ आणि ‘मॅजिक बस’ तर लांबीलाही सारखी नाहीत, कारण पहिल्या वेळी त्यांच्यावर कात्री चालली होती. जुन्याचं मिश्रण कोरडं आणि अंगावर येणारं. नव्यात खोली मोठी वाटते आणि बास कुठे संपतो, गिटार कुठे सुरू होते ते कळतं.

डिलक्समध्ये कार्यक्रमाचा क्रम खरा आहे का?

नाही, आणि माझी सगळ्यात मोठी तक्रार हीच. त्या रात्री ‘अ क्विक वन’ झाल्यावर ‘टॉमी’ सुरू झाला, आणि तो संपल्यावर ‘समरटाइम ब्लूज’, ‘शेकिन ऑल ओव्हर’, ‘माय जनरेशन’, ‘मॅजिक बस’ अशी शेवटची धुमाळी. २००१ मध्ये ‘टॉमी’ मधूनच उचलून वेगळ्या सीडीवर ठेवला, आणि आधीची-नंतरची गाणी पहिल्या सीडीवर एकमेकांना चिकटवली. ऐकायला सोयीचं, पण कार्यक्रमाचं हाड मोडलं.

कारण ‘माय जनरेशन’च्या त्या चौदा-पंधरा मिनिटांत ‘टॉमी’तले तुकडे परत परत डोकावतात. ‘सी मी, फील मी’ची ओळ येते, ‘स्पार्क्स’ची झलक येते. श्रोत्यांनी नुकताच तासभर ‘टॉमी’ ऐकलेला असतो, म्हणून त्यांना ती ओळख पटते आणि अंगावर काटा येतो. भैरवीत आधी गायलेल्या रागांच्या छटा दाखवाव्यात तसं. पण मैफल ऐकलीच नसेल आणि थेट भैरवी लावली, तर छटा कशाच्या ते कसं कळणार? १९७० च्या एलपीतही हीच अडचण होती. तेव्हा निदान जागेची सबब होती.

उपाय सोपा. आपली यादी स्वतः बनवा. पहिल्या सीडीवर ‘अ क्विक वन’ला थांबा, दुसरी सीडी संपूर्ण ऐका, मग पहिलीवर परत येऊन ‘समरटाइम ब्लूज’पासून शेवटापर्यंत. पुढे निघालेल्या डाउनलोड आवृत्तीत मूळ क्रम दिला, तेव्हा कुठे माझं हे रडगाणं थांबलं.

‘लाइव्ह’ म्हणतात, पण स्टुडिओत काही भरलं का?

भरलं. मागचे सूर, म्हणजे टाउनशेंड आणि एन्टविसल यांची साथ, टेपवर नीट उमटली नव्हती. दोघांनी स्टुडिओत बसून ती पुन्हा गायली. यानं कुणाचा जीव जळत असेल तर इतर गाजलेल्या लाइव्ह अल्बमांच्या वाटेला न गेलेलंच बरं. तिथे याच्या कितीतरी पट डागडुजी आहे. इथे गिटार, बास, ड्रम्स आणि डाल्ट्रीचा मुख्य आवाज यांनी मेसमध्ये जे केलं तेच अल्बमला उभं करतं.

मला नुसता गोंगाट ऐकू येतो. नेमकं काय ऐकायचं?

पहिल्यांदा गिटारकडे दुर्लक्ष करा. खरंच. हेडफोन लावा आणि बासच्या मागे जा. या बँडमध्ये तीनच वाद्यं आहेत. ताल धरणारी दुसरी गिटार नाही. त्यामुळे सगळ्यांची कामं उलटीपालटी झाली आहेत. बासनं पाया धरायचा असतो, पण एन्टविसल तानांवर ताना घेत सुटतो. मून ठेका धरत नाही, तो गाण्याच्या शब्दांवर हात मारत त्यांच्या बरोबरीनं बोलत राहतो. मग लय सांभाळतो कोण? गिटारवाला. टाउनशेंडचे ते कडाडणारे ठोके म्हणजेच या बँडचा ठेका. एकदा हे लक्षात आलं की गोंगाटातून तीन माणसं वेगळी दिसू लागतात.

मग ‘यंग मॅन ब्लूज’ लावा. डाल्ट्री एकटाच एक ओळ गातो, सगळं शांत. लगेच तिघं मिळून कोसळतात. परत शांत, परत ओळ. त्या शांततेची लांबी कुणी मोजत नाही, तरी तिघं एकाच क्षणी येतात. समेवर येणं आपल्याला नवं नाही, पण इथे मधलं आवर्तनच गायब आहे.

‘माय जनरेशन’च्या मध्यावर टाउनशेंड एकटा उरतो. एक छोटी सुरावट वाजवतो. ती मेसच्या मागच्या भिंतीवर आपटून परत येते आणि तो तिला उत्तर देतो. पुन्हा तसंच. माणूस आणि भिंत यांचा सवाल-जवाब. स्टुडिओतलं हे गाणं जेमतेम सव्वातीन मिनिटांचं आहे. जुन्या, मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेरे घेणाऱ्या तबकडीवर तीन मिनिटांत उरकलेली चीज आणि तीच चीज मैफिलीत पाऊण तास, हा फरक ज्यांना माहीत आहे, त्यांना मी आणखी काय सांगायचं?

याचा आपल्या नगरशी काही संबंध आहे म्हणतात, तो खरा?

लीड्सच्या रात्रीशी थेट नाही, पण त्या रात्री वाजलेल्या ‘टॉमी’शी नक्की आहे. पीट टाउनशेंड मेहेरबाबांचा अनुयायी. मेहेरबाबा पुण्यात जन्मलेले, मूळ नाव मेरवान शेरियार इराणी. १० जुलै १९२५ पासून त्यांनी जे मौन धरलं ते ३१ जानेवारी १९६९ ला देह ठेवेपर्यंत. समाधी नगरजवळ अरणगावच्या मेहेराबादला. ‘टॉमी’चं ध्वनिमुद्रण नेमकं त्याच हिवाळ्यात चालू होतं, आणि अल्बमच्या श्रेयनामावलीत अवतार म्हणून मेहेरबाबांचं नाव छापलेलं आहे.

ऐकू न येणारा, बोलू न शकणारा, न दिसणारा एक मुलगा आतल्या प्रवासातून जागा होतो, ही ‘टॉमी’ची गोष्ट. तिच्यामागे मेहेरबाबांच्या शिकवणीचा मोठा वाटा आहे. बाबांचं मौन आणि मुलाचं मौन एकच, असं काही जण ठोकून देतात; मी तितकं ताणणार नाही. १९७१ च्या ‘बाबा ओ’रायली’ या प्रसिद्ध गाण्यातले ‘बाबा’ मात्र तेच, हे पक्कं. रायली म्हणजे अमेरिकन संगीतकार टेरी रायली. १९७२ मध्ये टाउनशेंड मेहेराबादला येऊनही गेला. लीड्सची मेस हादरवल्यावर दोनच वर्षांनी तो माणूस दौंड रस्त्यावरच्या त्या माळरानावर होता, हे चित्र मला फार आवडतं.

मग मी कुठली आवृत्ती घेऊ?

आधी सहा गाण्यांची ऐका, वाढीव नंतर. सदतीस-अडतीस मिनिटांत ती जे करते ते दोन तासांच्या संचाला जमत नाही, कारण तिच्यात एकही श्वास घ्यायची जागा नाही. ती आवडली तर २००१ ची डिलक्स. आयुष्यभर पुरेल. १९९५ ची सीडी जुन्या बाजारात स्वस्तात मिळाली तर जरूर उचला. एकाच सीडीत कार्यक्रमाचा बराचसा पल्ला येतो आणि टाउनशेंडची गाण्यांमधली खवचट बडबडही ऐकायला मिळते.

२०१० चा डबा ज्यांना हल आणि लीड्स शेजारी ठेवून मापं काढायची आहेत त्यांच्यासाठी. मी त्या पंथातला आहे, तरी दुसऱ्यांना दीक्षा देत नाही.

मोबाइलवर ऐकताना कुठली आवृत्ती चालू आहे हे कसं ओळखू?

पहिलं गाणं बघा. ‘यंग मॅन ब्लूज’नं सुरुवात आणि एकूण सहा गाणी, म्हणजे १९७० ची मांडणी. ‘हेवन अँड हेल’नं सुरुवात असेल तर वाढीव. पुढे दुसऱ्या भागाची सुरुवात ‘ओव्हर्चर’नं होत असेल तर डिलक्स. मांडणी जुनी असली तरी मिश्रण जुनंच असेल असं नाही. त्यासाठी एकच कसोटी: खरखर येते का?

लीड्स चांगलं की हल?

लीड्स. हलचं सभागृह ऐकायला जास्त गोड, वादनही तोडीस तोड, काही जागा तर सरस. पण त्या मागच्या भिंतीचं उत्तर हलमध्ये नाही.

ती जागा अजून आहे?

आहे. २००६ मध्ये तिथे निळी स्मारक-पाटी लागली, आणि त्याच वर्षी जूनमध्ये ‘द हू’ तिथे परत वाजवून गेले. तोवर मून जाऊन जवळपास २८ वर्षं झाली होती, एन्टविसल जाऊन जवळपास चार. उरले होते डाल्ट्री आणि टाउनशेंड. पाटी बघायला जाणार असाल तर जेवायच्या वेळी जा. मेस अजून चालू असते.